रोख मजुरी : करदायित्व आणि कामगाराचा कायदेशीर दर्जा

प्रस्तावना

मजूर नाक्यावर सकाळी ठरलेली मजुरी सायंकाळी रोख हातावर पडते. गवंड्याच्या हाताखालील बिगारी, लग्नसमारंभातील वाढपी, गोदामातील हमाल या सर्वांच्या बाबतीत व्यवहार बहुधा तोंडीच असतो. अशी कमाई कागदावर नसल्यामुळे करमुक्त असते आणि असा मजूर कायद्याच्या दृष्टीने कामगार नसतो, असे दोन समज समाजात रूढ आहेत. प्रस्तुत लेखात या दोन्ही समजांची तपासणी केली आहे.

करदायित्व

उत्पन्न रोख मिळाले की बँकेमार्फत, यावर आयकराची आकारणी अवलंबून नसते. मालक-नोकर संबंध असल्यास ते ‘वेतन’ ठरते. स्वतंत्रपणे काम घेणाऱ्याचे उत्पन्न सामान्यतः ‘व्यवसाय’ या शीर्षाखाली येते. तथापि 2025 च्या अर्थसंकल्पाने नव्या करप्रणालीत 12 लाख रुपयांपर्यंतच्या सर्वसाधारण उत्पन्नावरील कर सवलतीद्वारे शून्य केला. त्यामुळे रोजंदारी मजुराला प्रत्यक्षात आयकर भरावा लागण्याची शक्यता फारच कमी आहे.

रोखीचे बंधन खरे तर पैसे देणाऱ्या व्यावसायिकावर आहे. एका व्यक्तीला एका दिवसात 10,000 रुपयांहून अधिक रक्कम रोख दिल्यास, काही अपवाद वगळता, ती व्यवसायाचा खर्च म्हणून वजा मिळत नाही. 2017 पूर्वी ही मर्यादा 20,000 रुपये होती. रोजची मजुरी या मर्यादेच्या आत असल्याने ती रोख देण्यास करकायद्याची आडकाठी नाही. वेतन संहिता, 2019 देखील चलनी नोटांत वेतन देण्यास मुभा देते.

कामगाराचा दर्जा

कामगाराचा दर्जा पैसे देण्याच्या पद्धतीवरून नव्हे, तर संबंधाच्या स्वरूपावरून ठरतो. धारंगधरा केमिकल वर्क्स खटल्यात (1957) सर्वोच्च न्यायालयाने कामाच्या पद्धतीवर नियंत्रण ठेवण्याचा मालकाचा अधिकार ही कसोटी मानली. सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाऊस खटल्यात (1973) दुकानात बसून नगावर शिवणकाम करणारे शिंपीही नोकर ठरले. हुसेनभाई खटल्यात (1978) कंत्राटदाराच्या पडद्याआडचा खरा मालक न्यायालयाने शोधला. सारांश, मुकादमामार्फत आलेला, रोख मजुरी घेणारा मजूरही कामगार असू शकतो.

पुराव्याचा प्रश्न

दर्जा असणे आणि तो सिद्ध करता येणे यांत मात्र मोठे अंतर आहे. औद्योगिक विवाद अधिनियम, 1947 नुसार कामगारकपातीच्या भरपाईसाठी वर्षभरातील 240 दिवसांचे काम महत्त्वाचे होते. ते सिद्ध करण्याची जबाबदारी कामगारावर आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये हदीमणी खटल्यात स्पष्ट केले. हजेरीपत्रक मालकाच्या ताब्यात आणि पुराव्याचा भार मजुरावर, अशी ही स्थिती. 21 नोव्हेंबर 2025 रोजी चार श्रमसंहिता अंमलात आल्या. त्यांत नियुक्तीपत्राची तरतूद आहे. परंतु एका दिवसापुरता बोलावलेल्या मजुराच्या हाती ते पडणे कठीणच.

माथाडी मंडळांचा अनुभव

या संदर्भात महाराष्ट्राचा अनुभव मार्गदर्शक ठरतो. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील चळवळीतून 1969 चा माथाडी अधिनियम साकारला. नोंदित मालक मजुरी व त्यावरील ठरावीक लेव्ही मंडळाकडे भरतात. मंडळ मजुरी वाटते आणि भविष्यनिर्वाह निधी, उपदान आदी लाभ देते. एकाच मजुराचे मालक अनेक असले, तरी नोंद एकाच ठिकाणी राहते. कायम मालक नसतानाही कामगाराला दर्जा देता येतो, हे या रचनेने दाखवून दिले.

समारोप

रोख मजुरी स्वतः बेकायदेशीर नाही. घातक आहे तो नोंदीचा अभाव. त्यातून शासनाचा आयकर फारसा बुडत नाही, मजुराचे हक्क मात्र बुडतात. म्हणून तारीख, काम, रक्कम आणि मालकाची सही असलेली साधी हजेरीवही मजुराजवळ असणे, ही त्याच्या संरक्षणाची पहिली पायरी होय.