किडनी जागेवर नसते तेव्हा

प्रोस्टेटचा कॅन्सर रोबोच्या साहाय्याने काढणे आता नवलाचे राहिलेले नाही. 'दा विंची' यंत्राला अमेरिकेत २००० साली मान्यता मिळाली. पडद्यावर आतला भाग दसपट मोठा आणि खोलीसह दिसतो, हत्यारे मनगटासारखी वळतात. पण समोर दिसणारी नळी कुठून आली, हे यंत्र सांगत नाही. ते सर्जनलाच ओळखावे लागते, आणि किडनीची किंवा तिच्या नळ्यांची रचना जन्मतःच वेगळी असलेल्या रुग्णांत तिथेच खरी परीक्षा असते.

गर्भाच्या पाचव्या आठवड्याच्या सुमारास वुल्फियन नावाच्या नलिकेला एक कोंब फुटतो. त्यातून मूत्रवाहिनी घडते. पुरुषात याच नलिकेपासून पुढे वीर्यकोश आणि वीर्यवाहिनीही तयार होतात. त्यामुळे कोंबाचे बिनसले की दोन्हीकडे गडबड होऊ शकते. कोंब फुटलाच नाही तर त्या बाजूची किडनी बनत नाही, आणि कधी त्याच बाजूच्या वीर्यकोशात पाण्याची गाठ होते. झिनर यांनी १९१४ मध्ये नोंदवलेला विकार तो हाच. दोन कोंब फुटले तर एका किडनीला दोन मूत्रवाहिन्या येतात. त्यांतली वरच्या भागाची नळी बहुधा खाली उघडते, क्वचित थेट प्रोस्टेटमधल्या मूत्रमार्गात किंवा वीर्यकोशात. मुलींमध्ये ती लघवी रोखणाऱ्या झडपेच्या खाली उघडली तर लघवी सतत ठिबकते आणि दोष लहानपणीच कळतो. पुरुषांत ती झडपेच्या वरच उघडते, म्हणून कधी कधी साठी उलटली तरी पत्ता लागत नाही.

किडनी घडते ओटीपोटात आणि मग वर सरकते. एखादी खालीच राहते. तिच्या रक्तवाहिन्या नेमक्या कुठून निघतील याचा भरवसा नसतो, आणि लसीकाग्रंथी काढताना सर्जनचा हात याच परिसरात असतो.

इथे खरे श्रेय मी रोबोला नाही, आधीच्या तयारीला देईन. एमआरआय आणि सीटी युरोग्राफीतून त्या रुग्णाची रचना समजून घ्यायची, हत्यारांची छिद्रे त्यानुसार हलवायची, गरज पडल्यास मूत्रवाहिनीत स्टेंट ठेवायचा. इंडोसायनिन ग्रीन हे द्रव्य नळीत सोडले तर अवरक्त प्रकाशात ती पडद्यावर हिरवी चमकते आणि चुकून कापली जाण्याचा धोका घटतो.

घरातल्या कुणावर ही शस्त्रक्रिया ठरली असेल, तर जुने सोनोग्राफीचे रिपोर्ट शोधून डॉक्टरांना दाखवा. 'एकच किडनी दिसते' अशी एखादी ओळ त्यात असेल, तर ती त्यांना शस्त्रक्रियेच्या आधी कळायलाच हवी.