खेळाडू ते प्रशिक्षक (भाग ६) : खालिद जमील आणि अपुरे दिवस

१ ऑगस्ट २०२५ रोजी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने पुरुष संघाची सूत्रे खालिद जमील यांच्या हाती दिली. अंतिम तिघांतले बाकी दोघे परदेशी होते. गोव्याच्या साव्हियो मदेरांनंतर तेरा वर्षांनी या जागेवर भारतीय माणूस आला, आणि तोही मुंबईत घडलेला.

जमील यांचा जन्म १९७७ चा, कुवेतमधला. मधल्या फळीत खेळत ते एअर इंडिया, महिंद्रा युनायटेड आणि मुंबई एफसीकडे राहिले, भारताकडूनही उतरले. दुखापतींनी खेळ लवकर थांबवला. २००९ मध्ये, बत्तिसाव्या वर्षी, ते मुंबई एफसीचेच प्रशिक्षक झाले. पुढच्या सात वर्षांत विजेतेपद आले नाही, पण संघ आय-लीगमधून एकदाही खाली घसरला नाही. बचाव आधी भक्कम करायचा, मग संधी आली की झडप घालायची, ही त्यांची रीत इथेच पक्की झाली.

२०१६ मध्ये क्लबने त्यांना मोकळे केले. ते थेट मिझोरामला गेले.

ऐझॉल एफसी आदल्या हंगामात खालच्या श्रेणीत ढकलला गेला होता. गोव्याच्या क्लबांनी माघार घेतली म्हणून त्याला पुन्हा जागा मिळाली. जयेश राणे, आशुतोष मेहता अशी मुंबईच्या मैदानांतली पोरे या संघात होती. ३० एप्रिल २०१७ ला शिलाँगमध्ये १-१ अशी बरोबरी झाली आणि मोहन बागानपेक्षा एका गुणाने पुढे राहून ऐझॉल विजेता ठरला. ईशान्येकडच्या क्लबने देशाची लीग जिंकण्याची ही पहिलीच वेळ. त्याच हंगामात मुंबई एफसी तळाला गेला. प्रशिक्षकाचे मोल याहून स्पष्ट क्वचितच दिसते.

पुढे नॉर्थईस्ट युनायटेड आणि जमशेदपूर या दोन्ही संघांना त्यांनी आयएसएलच्या बाद फेरीत नेले.

राष्ट्रीय संघाचे काम मात्र वेगळे असते. सातारा-सांगलीतल्या तालमीत वस्तादाच्या नजरेखाली पठ्ठा रोज मेहनत करतो. देशाच्या प्रशिक्षकाला मात्र पठ्ठे जत्रेच्या तोंडावरच मिळतात. ऑगस्टअखेर ताजिकिस्तानात काफा नेशन्स कप सुरू झाला, तेव्हा मोहन बागानने आपले खेळाडू सोडलेच नव्हते. तरीही भारताने यजमानांना २-१ असे हरवले आणि ओमानला पेनल्टी शूटआऊटमध्ये नमवून तिसरा क्रमांक मिळवला.

ऑक्टोबरात मडगावला सिंगापूरने २-१ अशी मात केली आणि २०२७ च्या आशियाई चषकाची वाट बंद झाली. नोव्हेंबरात ढाक्यात बांगलादेशही १-० ने जिंकला. या पराभवांची जबाबदारी जमील यांच्यावर आहेच. पण हंगामभर संघ बांधणाऱ्या माणसाला आपण आठवडाभराच्या शिबिरांवर जोखतो आहोत. शिबिरांचे दिवस महासंघाने क्लबांशी बोलून वाढवलेच पाहिजेत.

(पुढच्या आठवड्यात : साव्हियो मदेरा आणि २०११ चा सॅफ चषक)