गिटारवरील उपज

गिटार शिकू लागलेल्या माणसाचे पहिले काही महिने बहुधा एकाच वळणाने जातात. बोटांच्या अग्रांना घट्टे पडतात, चारपाच कॉर्ड वश होतात, आवडत्या चित्रपटगीताची साथ कागदावरील खुणांबरहुकूम निभावता येऊ लागते, आणि आता आपण वादक झालो असा सुखद प्रत्यय येत असतानाच कोणी जाणता वादक समोर बसून ‘चल, ए मध्ये काहीतरी वाजवू या’ असे म्हणतो, तेव्हा कालपर्यंत कितीतरी गाणी बिनचूक वाजविणारी तीच बोटे जागच्या जागी खिळून राहतात.

या असहायतेचा दोष त्याच्या अंगच्या गुणांकडे देण्याचे काहीच कारण नाही. ऐनवेळी स्वतःचे काही वाजविणे, म्हणजेच उपज, ही शून्यातून होणारी निर्मिती असून ती मूठभर दैववंतांची मिरास आहे, असा जो समज सर्वत्र रूढ आहे, तोच या अडचणीच्या मुळाशी आहे. ख्यालगायक विलंबित लयीत बढत करीत असतो तेव्हा रागाची मर्यादा, तालाचे आवर्तन आणि बंदिशीचा मुखडा या तिहींचा अंमल त्याच्यावर अखंड चालू असतो, आणि सम कोठे येणार हे पक्के ठाऊक असते म्हणूनच तो समेपासून दूर जाण्याचे साहस करू शकतो. पहाटे जात्यावर बसणाऱ्या आपल्या आज्या-पणज्यांनाही फिरत्या दगडाने लय दिली होती, परंपरेने छंद आणि कितीतरी तयार चरण दिले होते, आणि त्या चौकटीत आपल्या भावाचे किंवा लेकराचे नाव गुंफून आपले सुखदुःख बोलण्याची जी मुभा उरली, तीतून निरक्षर म्हणविल्या गेलेल्या त्या स्त्रियांनी ओव्यांचे अफाट भांडार निर्माण केले. नवशिक्या गिटारवादकाला प्रथम हवे असते ते असे सतत फिरणारे जाते.

गिटारच्या जगात ते ब्लूज नावाच्या संगीतप्रकाराने पुरविले आहे. अमेरिकेच्या दक्षिणेत, विशेषतः मिसिसिपी राज्यातील कापसाच्या मळ्यांत राबणाऱ्या कृष्णवर्णीय लोकांच्या श्रमगीतांचा आणि शेतातील हाळ्यांचा वारसा घेऊन हे संगीत वाढले, आणि संगीतकार डब्ल्यू. सी. हँडी यांनी १९१२ मध्ये ‘मेम्फिस ब्लूज’ छापून प्रसिद्ध केले, तोपर्यंत त्याची घडण लोकांच्या कानांत पुरती मुरलेली होती. चार मात्रांच्या एका खंडाला गिटारवादक बार म्हणतात, आणि अशा १२ बारांचे, म्हणजे ४८ मात्रांचे, हे आवर्तन असते. ए हा षड्ज मानला, तर पहिले चार बार षड्जाच्या म्हणजे ए या कॉर्डचे, पुढचे दोन मध्यमाच्या म्हणजे डीचे, नंतरचे दोन पुन्हा ए चे, नववा पंचमाच्या म्हणजे ई कॉर्डचा, दहावा डीचा आणि शेवटचे दोन ए चे, अशी त्याची सर्वमान्य वहिवाट आहे. बाराव्या बारात पुष्कळ वेळा ई वाजवून ऐकणाऱ्याला पुन्हा आरंभाकडे वळविले जाते. मिनिटाला ६० मात्रांच्या संथ लयीत हे सारे ४८ सेकंदांत पुरे होते. इतक्या लहानशा घराचा कोपरा न् कोपरा पाठ करणे कोणालाही अशक्य नाही.

येथे माझे एक ठाम मत आहे. स्वतःची चाल वाजविण्याचा मोह या टप्प्यावर कटाक्षाने टाळावा आणि काही आठवडे केवळ साथच करावी. ज्याला साथ करता येत नाही त्याला ऐकता येत नाही, आणि ज्याला ऐकता येत नाही त्याच्या उपजेला समोरच्याशी काही संबंधच राहात नाही. कॉर्ड बदलताना उजवा हात क्षणभरही अडखळू नये, डाव्या हाताला विलंब झाला तर तो स्वर खुशाल हुकू द्यावा पण मात्रा हुकू देऊ नये, आणि मेट्रोनोमच्या ठोक्याबरोबर बार तोंडाने मोजीत राहावे. आपण तयार झालो की नाही याची एक साधी पारख आहे: आवर्तन चालू असताना मधले चार बार हात पूर्ण थांबवावेत, मोजणी मनातच चालू ठेवावी, आणि नेमक्या जागी, नेमक्या कॉर्डवर पुन्हा प्रवेश करावा. हे ज्याला साधले त्याच्या ठायी तालाचे घड्याळ बसले म्हणून समजावे.

त्यानंतर स्वरांची पाळी येते, आणि तेथेही पाचच स्वर पुरतात. गिटारच्या पाचव्या फ्रेटवर पहिले बोट ठेवून नवशिक्यांना जी स्वरावली सर्वांत आधी शिकविली जाते, तिच्यात सहाव्या, म्हणजे सर्वांत जाड, तारेवर पाचवा व आठवा फ्रेट, पाचव्या, चौथ्या व तिसऱ्या तारेवर पाचवा व सातवा, आणि दुसऱ्या व पहिल्या तारेवर पुन्हा पाचवा व आठवा, इतक्याच जागा येतात. षड्ज, कोमल गंधार, मध्यम, पंचम आणि कोमल निषाद हे ते पाच स्वर. मराठी श्रोत्याला ते परके वाटण्याचे कारण नाही, कारण आपल्या धानी रागाचा सांगाडा तोच आहे, आणि त्यांतील गंधाराला षड्ज मानून तेच स्वर गायिले तर भूप उभा राहतो. राग म्हणजे केवळ स्वरांची यादी नव्हे हे खरेच, तथापि ज्याच्या कानावर लहानपणापासून भूप पडला आहे त्याने या पाच स्वरांना भिऊन असावे हे मला मोठे खेदाचे वाटते.

खेदाची दुसरी गोष्ट अशी की, बहुतेक विद्यार्थी या स्वरावलीचा आराखडा पाठ करतात आणि मग तीवरून खालीवर धावत सुटतात. हा व्यायाम झाला, संगीत नव्हे. त्याऐवजी तिसऱ्या तारेचा सातवा फ्रेट आणि दुसऱ्या तारेचा पाचवा व आठवा एवढेच तीन स्वर घ्यावेत, आणि त्यांतून किती निरनिराळी वाक्ये निघतात ते पाहावे: एखादा स्वर लांबवून, एखादा दोनदा उच्चारून, एखादा मात्रेच्या किंचित मागे ठेवून. शिवाय कॉर्ड बदलली की वाक्याचा मुक्काम बदलावा. खाली डी वाजत असेल तर तिसऱ्या तारेच्या सातव्या फ्रेटवरील मध्यमावर थांबावे, ई आली की दुसऱ्या तारेच्या पाचव्या फ्रेटवरील पंचमावर. एवढ्या एका सवयीने ऐकणाऱ्याला, हा वादक आपण आवर्तनात कोठे आहोत हे जाणतो, अशी खात्री पटते. मग गंधाराकडे वळावे. साथीच्या ए कॉर्डमध्ये शुद्ध गंधार असतो आणि आपल्या हाती असतो कोमल. या दोहोंच्या संघर्षातच ब्लूजची सारी व्याकुळता साठलेली आहे. तिसऱ्या तारेच्या पाचव्या फ्रेटवर ती तार बोटाने किंचित ओढली की स्वर कोमल आणि शुद्ध यांच्या मधल्या एका अनामिक स्थानी जाऊन तळमळत राहतो. सतारीवर तार ओढून मींड काढणाऱ्या वादकाला या क्रियेचे मर्म सांगावे लागणार नाही.

वाक्याची लांबी किती असावी, याचे उत्तर ब्लूजच्या गाण्यातच मिळते. तेथे बहुधा एक ओळ गायिली जाते, तीच पुन्हा गायिली जाते, आणि तिसरी ओळ त्या दोहोंचे उत्तर देते. प्रत्येक ओळीला चार बार मिळतात, पण गायक सुमारे दोनच बार वापरतो आणि उरलेले वाद्यासाठी मोकळे सोडतो. म्हणून वादकानेही दोन बार बोलावे आणि दोन बार गप्प राहावे, पहिले वाक्य धीटपणे पुन्हा उच्चारावे, आणि मगच तिसऱ्यात त्याचा निकाल लावावा. बी. बी. किंग यांचे १९६४ मध्ये शिकागोच्या रीगल नाट्यगृहातील मैफलीत झालेले ध्वनिमुद्रण ऐकले म्हणजे हा महान वादक किती थोडे स्वर वापरतो आणि त्यांच्या आसपास किती जागा राखतो हे ध्यानात येते. ही शिस्त हाताला लावण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे प्रथम वाक्य तोंडाने गुणगुणावे आणि मग ते गिटारवर शोधावे. गाताना श्वास घ्यावाच लागतो, बोटांना मात्र श्वासाची गरज नसल्यामुळे ती वाहवत जातात.

एकांतातील या रियाजासाठी यंत्रावर मिळणारी तयार साथ, म्हणजे बॅकिंग ट्रॅक, उपयोगी खरी; परंतु ती तुमचे ऐकत नाही, तुम्ही लय ओढलीत तर तुम्हाला सावरून घेत नाही, तुमच्या एखाद्या सुंदर जागेला दाद म्हणून ठेका बदलीत नाही. यासाठी जिवंत सोबत हवी. न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतील मिंटन्स प्लेहाऊस या क्लबात १९४० नंतर वादक आपापली रोजची नोकरी आटोपून रात्री उशिरा जमत आणि एकमेकांची परीक्षा पाहात. १९३९ मध्ये क्लॅरिनेटवादक बेनी गुडमनच्या जॅझ वाद्यवृंदात आलेला गिटारवादक चार्ली ख्रिश्चन तेथे नियमाने येई. १९४१ मध्ये एका विद्यार्थ्याने आपल्या यंत्रावर तेथील वादन मुद्रित करून ठेवले, म्हणूनच १९४२ मध्ये अवघ्या पंचविसाव्या वर्षी क्षयाने गेलेल्या या कलावंताचा मुक्त संचार आज आपल्याला ऐकता येतो. अशा बैठकींत मानहानीही होत असे. पुढे जॅझचा युगप्रवर्तक ठरलेला सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर पंधरा-सोळा वर्षांचा असताना कॅन्सस सिटीतील एका बैठकीत वाजविता वाजविता वाट चुकला, आणि ड्रमवादक जो जोन्सने झांज त्याच्या पायांशी फेकून त्याला थांबविले, असे सांगतात. त्यानंतर १९३७ च्या उन्हाळ्यात डोंगराळ ओझार्क प्रदेशात नोकरी करीत असताना त्याने सॅक्सोफोनवादक लेस्टर यंगच्या ध्वनिमुद्रिकांवरून एकेक वाक्य कानाने उतरवून घेतले. आपल्या आवडत्या वादकाची चार वाक्ये कानाने उतरविणे हा आजही नवशिक्याचा उत्तम अभ्यासक्रम आहे.

मुंबईलाही या कलेचा इतिहास आहे. १९३५ च्या सुमारास लिऑन ॲबी यांचा अमेरिकन कृष्णवर्णीय जॅझ वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलात वाजू लागला, आणि चर्चच्या शाळांतून स्वरलिपी वाचण्याचे उत्तम शिक्षण घेऊन आलेल्या गोमंतकीय वादकांना लिहिलेल्या कागदापलीकडच्या एका जगाचे दर्शन घडले. हळदोण्याचे आंतोनियो शावियर वाझ हे अमेरिकन जॅझवादक लुई आर्मस्ट्राँगचा आदर्श ठेवून ट्रंपेट वाजवीत ‘चिक चॉकलेट’ या नावाने गाजले, आणि त्यांची साथ लाभलेल्या संगीतकार सी. रामचंद्र यांच्या संगीतातून उपजेची ती धिटाई, कोणाला नकळत, मराठी घराघरांतल्या रेडिओपर्यंत पोहोचली.

आता बैठकीचा दस्तूर. बसण्यापूर्वी गिटार सर्वांच्या स्वराशी मिळवावी, आणि कोणत्या स्वरात वाजवायचे ते निःसंकोच विचारावे. अशा प्रश्नाने कोणाची पत जात नाही. दुसरा वादक पुढे आला की आपला आवाज उतरवावा, आणि तो ज्या सप्तकात वाजवीत असेल त्यातून बाजूला सरकावे. दोन गिटार एकच कॉर्ड एकाच जागी एकाच ढंगाने बडवीत असतील तर एकाने फ्रेटबोर्डवर वर जावे, किंवा स्वस्थ बसावे. आपली पाळी एक किंवा दोन आवर्तनांची असते, आणि ती आवर्तनाच्या मध्यावर नव्हे, बाराव्या बारावर सोडावयाची असते. सोडताना पुढच्याकडे पाहावे, म्हणजे त्याला तयारीस अवकाश मिळतो. शेवट कधी होणार हे कोणी तोंडाने सांगत नाही. म्होरक्या गिटारची मान किंचित उचलतो किंवा ड्रमवाल्याकडे पाहून डोके हलवितो, अकराव्या बारात सारे एकदम आवरते घेतात, आणि फ्रेटबोर्डकडे खाली पाहात बसलेला नवशिका तेवढा एकटाच पुढे वाजवीत राहतो. म्हणून निदान नवव्या बारापासून तरी मान वर असावी.