चाक फिरते, पण गाडी का हलत नाही?

पावसाळ्यात चिखलात रुतलेली मोटार तुम्ही पाहिली असेलच. ड्रायव्हर ॲक्सिलरेटर दाबतो, इंजिन ओरडते, मागचे एक चाक गरगरा फिरून चिखलाचे फवारे उडवते, आणि गाडी मात्र जागच्या जागी! पण अशा वेळी दुसऱ्या बाजूच्या चाकाकडे तुम्ही कधी पाहिले आहे काय? ते पुष्कळदा टणक जमिनीवर असते आणि अगदी स्वस्थ उभे असते. ज्याला पकड आहे ते चाक ढिम्म, आणि ज्याला पकड नाही ते मात्र वेड्यासारखे फिरत आहे. हे उलटेच झाले नाही का?

२०१२ सालच्या ऑक्टोबरात मी या कोड्यात स्वतःच अडकलो. एका मित्राच्या जुन्या ॲम्बॅसॅडरमधून आम्ही सातारा जिल्ह्यातील एका शाळेकडे निघालो होतो. तिथे माझे व्याख्यान होते आणि विषय होता ‘घर्षण’! समोरून आलेल्या बसला वाट देताना आमच्या गाडीची डावी चाके रस्त्याकडेच्या चिखलात उतरली. मित्राने आपली हुकमी युक्ती काढली : हँडब्रेक अर्धा ओढायचा आणि ॲक्सिलरेटर दाबायचा. काही उपयोग झाला नाही. शेवटी एक ट्रॅक्टर आला. दोर बांधला. पण ओढताना ट्रॅक्टरचेही डावे मागचे चाक चिखलात जाऊन जागीच फिरू लागले. ट्रॅक्टर चालवणाऱ्या काकांनी शांतपणे एका ब्रेकवर पाय ठेवला, आणि ट्रॅक्टर पुढे सरकला, मागोमाग आम्हीही!

“काका, ओढायचं असताना ब्रेक कशाला?” मी विचारले.

“सर, ते चाक नुसतं उधळलं होतं. त्याला धरल्याबिगर दुसरं ओढत न्हाई.”

व्याख्यानाला तासभर उशीर झाला. मुले बिचारी सभागृहात बसून होती. मी तयार केलेले टिपण बाजूला ठेवले आणि हाच प्रसंग फळ्यावर मांडला. तोच आता तुमच्यापुढे मांडतो.

वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावे लागते. दोन्ही चाके एकाच दांड्याला घट्ट जोडली तर एकाला घसटत जावे लागेल. म्हणून मधे दातेरी चाकांची एक जोडणी बसवतात. तिला डिफरन्शियल म्हणतात. ती दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देते. मात्र तिचा एक स्वभाव आहे : इंजिनाचा जोर ती दोन्ही बाजूंना नेहमी सारखाच वाटते. एका बाजूला जेवढा विरोध, तेवढाच जोर दुसऱ्या बाजूला.

आता हिशेब करू. समजा, प्रत्येक मागच्या चाकावर ३००० न्यूटन भार आहे. कोरड्या रस्त्यावर घर्षणाचा गुणांक ०.८ धरला, तर ते चाक २४०० न्यूटनपर्यंत रेटा देऊ शकते. चिखलात गुणांक ०.१ धरला, तर रेटा फक्त ३०० न्यूटन. डिफरन्शियल समान वाटणी करते, म्हणून कोरड्या जागेवरच्या चाकालाही ३००च मिळतात! एकूण ६००. खड्ड्यातून निघायला १००० न्यूटन लागत असतील, तर गाडी जन्मात निघणार नाही. वर्गातल्या सर्वांत दुबळ्या मुलाला जेवढे उचलता येईल तेवढेच प्रत्येकाने उचलायचे, असा नियम केल्यासारखे हे आहे.

आता काकांची युक्ती पाहा. ट्रॅक्टरला डाव्या व उजव्या मागच्या चाकांसाठी दोन स्वतंत्र ब्रेक असतात. हेच आकडे घेऊन समजा, घसरत्या चाकावर ९०० न्यूटनचा ब्रेक लावला. आता त्या बाजूचा विरोध ३०० अधिक ९००, म्हणजे १२०० झाला. डिफरन्शियल दुसऱ्या बाजूलाही १२०० देणार, आणि तिथे ब्रेक नसल्यामुळे ते सर्व जमिनीला पोहोचणार. एकूण रेटा १५०० न्यूटन. गाडी सुटली!

आणि माझ्या मित्राचा हँडब्रेक? तो दोन्ही चाकांना सारखाच लागतो. दोन्ही बाजूंना १२०० न्यूटन जोर आला हे खरे, पण दोन्हीकडचे ९०० ब्रेकनेच खाल्ले. जमिनीला पुन्हा ३०० आणि ३००. लाभ शून्य! ही युक्ती कधीकधी चालली असे सांगणारे ड्रायव्हर भेटतात. जुन्या गाडीचे दोन्ही बाजूंचे ब्रेक क्वचितच सारखे लागतात. नेमका घसरत्या बाजूचा जास्त आवळला गेला, तर थोडा फायदा व्हायचाच. मित्राला हे गणित अजून पटलेले नाही. असो.

चिखलात गाडी अडकली तर फार तर वेळ जातो. खरी भीती वेगात असते. सरळ लोळणाऱ्या चाकाचा जमिनीला टेकलेला भाग त्या क्षणी जवळजवळ स्थिर असतो, म्हणून त्याला स्थितिक घर्षणाची भक्कम पकड मिळते. चाक जमिनीच्या मानाने थोडे, म्हणजे शेकडा १० ते २० इतके, जास्त फिरले तर पुष्कळ रस्त्यांवर पकड सर्वांत जास्त असते. त्यापलीकडे गेले की ते घसरू लागते आणि पकड उतरते. केवळ पुढे रेटण्याचीच नव्हे, आडवी पकडही जाते. मागच्या चाकांनी चालणारी गाडी ओल्या वळणावर अशी घसरली, तर तिचे शेपूट बाहेर फेकले जाते आणि गाडी भोवऱ्यासारखी फिरू शकते.

अमेरिकेतील थंडीत रस्त्यावर बर्फ साचते आणि तिथल्या गाड्यांची इंजिने दांडगी. तेव्हा उपाय तिथे निघावा यात नवल नाही. १९७१ साली ब्यूक कंपनीने आपल्या मोठ्या गाड्यांसाठी ‘मॅक्सट्रॅक’ नावाची सोय देऊ केली. त्या काळातला एक साधा संगणक मागची चाके घसरत आहेत हे ओळखे आणि इंजिनाचा जोर कमी करी. गाडी पुढे जात नाही म्हणून जोर कमी करायचा! माणसाचा पाय अशा वेळी नेमके उलट करतो.

जोर झटपट कमी करण्याचा एक मार्ग म्हणजे इंजिनातील काही ठिणग्या गाळणे. ठिणगी नाही, म्हणजे त्या वेळी स्फोट नाही. पण न जळलेले पेट्रोल धुराच्या नळीत जाते आणि तेथील धूर शुद्ध करणारा उत्प्रेरक त्यामुळे भलताच तापतो. म्हणून पुढील गाड्यांत ठिणगी थोडी उशिरा देणे, पेट्रोलचा फवारा क्षणभर रोखणे किंवा इंजिनाकडे जाणाऱ्या हवेचे झाकण विजेच्या मोटारीने मिटणे असे उपाय आले.

पण चाक घसरते आहे हे यंत्राला कळते कसे? इथे मायकेल फॅरेडे मदतीला येतो. चाकाबरोबर एक दातेरी कडे फिरते. त्याच्याजवळ एक लहान चुंबक व त्यावर तारेचे वेटोळे बसवलेले असते. दात समोरून गेला की चुंबकक्षेत्र बदलते आणि वेटोळ्यात विद्युत् दाब प्रवर्तित होतो. समजा, कड्याला ४८ दात आहेत आणि चाकाचा परीघ २ मीटर आहे. ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर वेगाने चाकाचे ५ फेरे होतील आणि सेकंदाला २४० स्पंदने मिळतील. न रेटणाऱ्या पुढच्या चाकाकडून २४० येत आहेत आणि मागच्याकडून ४०० येऊ लागली, तर चोर सापडला! वळणावर चाकांच्या गतींत थोडा फरक असणारच. तेवढी सूट संगणकाला द्यावी लागते. या जुन्या वेटोळ्यांची एक उणीव अशी की, गाडी अगदी मुंगीच्या पावलांनी चालत असेल तर चुंबकक्षेत्र फार सावकाश बदलते, दाब क्षीण होतो आणि संगणकाला काहीच ऐकू येत नाही.

हीच वेटोळी आधी दुसऱ्या कामासाठी गाड्यांत आली होती. १९७८ साली जर्मनीतील बॉश कंपनीची, ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा मर्सिडीज गाडीत बसली. तीत चाकांची गती मोजण्याची आणि ब्रेकमधील तेलाचा दाब सोडण्याची सोय होतीच. ड्रायव्हरने पाय न लावताही दाब निर्माण करणारा पंप आणि काही झडपा जोडल्या, की घसरत्या चाकाला एकट्यालाच ब्रेक लावता येतो. १९८६-८७ च्या सुमारास ही यंत्रणा मोटारींत आली. ट्रॅक्टरवाल्या काकांचा पाय जे करतो, तेच ती सेकंदात अनेकदा करते. मात्र ब्रेक फार वेळ लागून राहिला तर तापतो. म्हणून ब्रेकचा उपयोग मुख्यतः कमी वेगात आणि एकच चाक घसरत असताना. वेगात किंवा दोन्ही चाके घसरत असताना इंजिनाचा जोर कमी करणे, अशी कामाची वाटणी त्या गाड्यांत दिसते.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. या यंत्रणेला पकड निर्माण करता येत नाही. असलेली पकड ती वाया जाऊ देत नाही, इतकेच. दोन्ही चाके बर्फावर असतील, तर प्रत्येकी ३०० न्यूटनचे ६००च राहणार. आणि वळणावर वेग भलताच असेल, तर ती काय करणार? ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला लागणारे अंतरही तिने कमी होत नाही.

मौज अशी की, अशा बऱ्याच गाड्यांत ही यंत्रणा बंद करण्यासाठी एक बटण असते. सैल वाळूत किंवा ताज्या भुसभुशीत बर्फात चाकाने थोडे घसरून वरचा थर फेकून दिला, तर कधी खालची टणक जमीन लागते. संगणकाला ते कळत नाही. तो घसरण दिसताच जोर काढून घेतो, आणि ड्रायव्हर ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून बसला तरी इंजिन नुसते पुटपुटत राहते.