“ताई, तो पॉइंट काढायचा ना?” : सदसद्विवेकबुद्धी, श्रद्धा आणि लॅबची वही



इथे एरवी आपण सिनॉप्सिस कसा लिहायचा, पेटची तयारी कशी करायची, पेपर कसा वाचायचा असले विषय घेतो. आजचा विषय जरा वेगळा आहे, पण संशोधनाला लागणाऱ्या प्रत्येकाच्या कामाचा आहे असं मला वाटतं. ख्रिस्ती परंपरेत सदसद्विवेकबुद्धी म्हणजे नेमकं काय, तिचं ऐकायचं म्हणजे काय करायचं, आणि त्यातून श्रद्धा खोल कशी होते, हे मी समजावून सांगणार आहे. मी स्वतः कॅथलिक घरातली आहे, पण पुढचं वाचायला तुम्ही ख्रिस्ती असायची गरज नाही.

आधी प्रसंग सांगते. पाण्यातलं शिसं शोषून घेणारा एक पदार्थ मी तयार करते. एका प्रयोगात माझे आठ बिंदू होते. सात बिंदू लँगम्युअर मॉडेलच्या वक्रावर छान बसत होते आणि सगळ्यात कमी तीव्रतेचा एक बराच खाली पडला होता. तो मी काढून टाकला. वहीत लिहिलं, ‘फ्लास्क आम्लाने नीट धुतला गेला नसावा’. हे कारण खोटं नव्हतं, तसं होऊ शकतं. काचेला आधीचं शिसं चिकटून राहिलं असेल तर पाण्यात उरलेलं शिसं जास्त दिसतं आणि शोषण कमी झाल्यासारखं वाटतं. पण मी कारण शोधलं ते ग्राफ पाहिल्यानंतर. बिंदू वक्रावर असता तर फ्लास्कची आठवणसुद्धा झाली नसती. तो ग्राफ एका परिषदेच्या ॲबस्ट्रॅक्टमध्ये गेला.

काही महिन्यांनी लॅबमधली एक ज्युनिअर तिचा ग्राफ घेऊन आली आणि सहज म्हणाली, “ताई, हा पॉइंट काढायचा ना? तू काढला होतास तसा?”

मला काही उत्तर देता आलं नाही. पुढचं सगळं त्या प्रश्नापासून सुरू झालं.

शब्द कुठून आला?

इंग्रजीतले ‘सायन्स’ आणि ‘कॉन्शन्स’ हे दोन्ही शब्द एकाच लॅटिन मुळातून आलेत. ‘सायेन्शिया’ म्हणजे ज्ञान, आणि ‘कॉन-सायेन्शिया’ म्हणजे सोबतीने जाणणं, स्वतःच्या कृत्याचं साक्षीदार असणं. ग्रीकमधल्या ‘सिनेइदेसिस’ या शब्दाची घडणही अशीच आहे. संत पौलाच्या पत्रांत तो वारंवार येतो. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल म्हणतो की ज्यांच्याकडे मोशेचं नियमशास्त्र नाही, त्यांच्याही आत ही साक्ष चालू असते. म्हणजे ख्रिस्ती विचारानुसारसुद्धा विवेकबुद्धी ही फक्त ख्रिस्ती लोकांची मालमत्ता नाही.

माझ्या प्रसंगाला जास्त लागू पडतो तो करिंथ शहरातला वाद. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या आठव्या अध्यायात तो आहे. मूर्तीला वाहिलेलं मांस खावं की नाही, यावर तिथल्या ख्रिस्ती मंडळीत दोन तट होते. एक गट म्हणे, मूर्तीत काही नसतं हे आपल्याला कळलंय, मग खायला काय हरकत आहे? पौल त्यांचा मुद्दा मान्य करतो. पण लगेच विचारतो की ज्याला ते खाणं मनातून चूक वाटतं, त्याने तुम्हाला खाताना पाहिलं आणि तुमच्या आधाराने स्वतःच्या मनाविरुद्ध खाल्लं तर? तुमच्या ज्ञानामुळे त्याचं नुकसान झालं, असं पौल म्हणतो.

हा अध्याय मी लहानपणापासून ऐकत आलेय. पण ज्युनिअरच्या त्या प्रश्नानंतर तो पहिल्यांदा माझ्याबद्दल आहे असं वाटलं. माझ्याकडे निदान फ्लास्कचं कारण तरी होतं. तिने माझ्याकडून कारण उचललं नव्हतं, फक्त सवय उचलली होती.

ॲक्विनासचे दोन नियम

तेराव्या शतकातल्या थॉमस ॲक्विनासने या विषयाची मांडणी फार शिस्तीने केली आहे. तो दोन पातळ्या वेगळ्या करतो. पहिली म्हणजे चांगलं करावं, वाईट टाळावं ही मूलभूत जाण. तिला तो सिंडेरेसिस म्हणतो. दुसरी म्हणजे ही जाण समोरच्या एका ठराविक कृतीला लावून पाहणं, आणि त्याच्या मते विवेकबुद्धी ती हीच. म्हणजे विवेकबुद्धी हा कानात बोलणारा गूढ आवाज नसून निवाडा करण्याची क्रिया आहे. आणि निवाडा म्हटला की तो चुकूही शकतो.

इथून त्याचे दोन नियम निघतात आणि दोन्ही एकत्र धरावे लागतात.

पहिला नियम असा की विवेकबुद्धी बंधनकारक आहे, ती चुकत असली तरीही. एखादी गोष्ट चूक आहे असं तुम्हाला मनापासून वाटत असताना तुम्ही ती केलीत, तर ती गोष्ट नंतर निरुपद्रवी निघाली तरी तुम्ही चुकलात. कारण करताना तुम्ही जे चूक समजत होतात तेच निवडलंत.

दुसरा नियम असा की विवेकबुद्धीचं ऐकलं म्हणून माणूस आपोआप सुटत नाही. जे जाणून घेणं शक्य होतं आणि गरजेचंही होतं, ते आळसाने किंवा सोयीने जाणून घेतलं नाही, तर त्या अज्ञानाचा दोष आपलाच. ‘माझ्या मनाला पटलं’ एवढं पुरत नाही. ते मन घडवण्याची जबाबदारीही आपली असते.

उपकरणाशी तुलना केली तर विद्यार्थ्यांना हे चटकन कळेल. ए.ए.एस.वर घेतलेलं रीडिंग जसं आलं तसं नोंदवावंच लागतं, मनाला येईल तसं बदलता येत नाही. पण ते उपकरण शेवटचं कॅलिब्रेट कधी केलं होतं, हेही सांगता आलं पाहिजे. अर्थात ही तुलना एका मर्यादेपर्यंतच चालते. विवेकबुद्धी आपल्या बाहेर ठेवलेलं यंत्र नाही आणि श्रद्धाळू माणसासाठी ती देवासमोर उभं राहण्याची जागा आहे.

कॅलिब्रेशन कसं करायचं: इग्नेशियसची वही

इथे मला सगळ्यात उपयोगी पडला तो येशूसंघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला. १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळा लागून त्याचा पाय मोडला. घरी पडून असताना तो दोन प्रकारची स्वप्नं रंगवायचा. एक शूर सरदार होण्याची आणि दुसरी संतांसारखं जगण्याची. रंगवताना दोन्हीत मजा यायची. फरक नंतर पडायचा. पहिल्या प्रकारानंतर मन कोरडं व्हायचं आणि दुसऱ्यानंतर समाधान टिकून राहायचं. त्या क्षणाच्या भावनेवर न जाता नंतर काय उरतं ते बघायचं, हे निरीक्षण त्याने पुढे पद्धतशीर केलं. त्याचं ‘आध्यात्मिक साधना’ हे पुस्तक १५४८ मध्ये छापलं गेलं.

त्यात रोजच्या आत्मपरीक्षणाचे पाच टप्पे आहेत. मिळालेल्या गोष्टींबद्दल आभार मानायचे. स्वतःकडे खरेपणाने बघता यावं म्हणून देवाकडे मदत मागायची. मग दिवस तासातासाने तपासायचा. चुकलं तिथे क्षमा मागायची. आणि उद्यासाठी एक ठराव करायचा. क्रम बघा. सुरुवात आभारापासून आहे, आरोपापासून नाही.

त्याच पुस्तकात अजून एक प्रकार आहे, जो वाचून मी चाटच पडले. स्वतःचा एकच दोष निवडायचा, आठवड्याच्या प्रत्येक दिवसासाठी दोन रेघा आखायच्या आणि तो दोष जितक्या वेळा घडला तितके ठिपके त्या रेघांवर द्यायचे. मग पहिली रेघ दुसरीशी, आजचा दिवस कालच्याशी, हा आठवडा मागच्याशी ताडून पाहायचा. सोळाव्या शतकातला माणूस स्वतःच्या वागण्याची डेटा शीट भरायला सांगतोय!

पण त्याने उलट बाजूचा धोकाही अनुभवला होता. १५२२ मध्ये मानरेसा या गावी राहत असताना त्याला जुन्या पापांच्या शंकांनी पछाडलं. कन्फेशन करून आला तरी काहीतरी राहिलंच असं वाटायचं. जीव द्यावा असे विचारही त्याच्या मनात येऊन गेले. शेवटी जुनी पापं पुन्हा कन्फेशनमध्ये न्यायची नाहीत असं त्याने ठरवलं. याचा अर्थ असा की अतिसंवेदनशील विवेकबुद्धी म्हणजे उत्तम विवेकबुद्धी नव्हे. सतत सिग्नल देणारा डिटेक्टरसुद्धा बिघडलेलाच असतो. तुमच्यापैकी कुणाला अशी टोचणी दिवसरात्र छळत असेल, तर एकट्याने वही भरत बसू नका, विश्वासातल्या माणसाशी आणि गरज पडल्यास डॉक्टरांशी बोला.

इग्नेशियसचा आणखी एक नियम पीएचडीवाल्यांनी टेबलासमोर चिकटवावा असा आहे. मन निराशेत असताना आधी शांतपणे घेतलेला निर्णय बदलू नये.

चर्चशीच मतभेद झाला तर?

आता अवघड भाग. विवेकबुद्धी आणि धर्मातली अधिकारी माणसं वेगवेगळं सांगत असतील तर काय? याचं उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज इथे झाला. तिथल्या अँग्लिकन भगिनींनी त्यांना माया दिली आणि त्यांच्याकडून आज्ञाधारकपणाची अपेक्षाही ठेवली. रमाबाईंना मात्र त्रैक्याच्या सिद्धांतापासून चर्चच्या अधिकारापर्यंत अनेक प्रश्न होते. सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, तो महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये प्रसिद्ध केला. जमलं तर जरूर वाचा. पुरोहितांच्या एका जोखडातून सुटून दुसरं जोखड मानेवर घेणार नाही, असा त्यांचा सूर आहे.

पण रमाबाई तिथे थांबल्या नाहीत, आणि हा भाग बरेचदा सांगायचा राहतो. त्यांनी प्रश्न सोडून दिले नाहीत आणि श्रद्धाही सोडली नाही. बाप्तिस्म्यानंतर बऱ्याच वर्षांनी, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता पण खुद्द ख्रिस्त आत्ता सापडला, अशा अर्थाचं त्यांनी स्वतःच लिहिलं आहे. पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी अख्खं बायबल सोप्या मराठीत आणायचं काम हाती घेतलं आणि १९२२ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या त्यातच होत्या. ॲक्विनासचे दोन्ही नियम इथे एका आयुष्यात दिसतात. त्या स्वतःच्या विवेकबुद्धीविरुद्ध कुणापुढे वाकल्या नाहीत, आणि ती घडवण्यासाठी मूळ भाषांपर्यंत गेल्या. नुसता हट्ट असता तर दुसरी गोष्ट घडली नसती.

मग त्या बिंदूचं काय झालं?

मी महिनाभर रोज रात्री पाच टप्प्यांचं आत्मपरीक्षण केलं. वहीत तीच गोष्ट पुन्हा पुन्हा येत राहिली. दमलेल्या दिवशी आली तशी चांगल्या दिवशीही आली, म्हणून ती केवळ भीती नव्हे हे कळलं. मग गाईड मॅडमना जाऊन सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, “ॲबस्ट्रॅक्ट मागे घे आणि रिपीट कर.” पदार्थाची नवी बॅच, उपकरणासाठीची रांग, सगळं धरून चार महिने गेले. परिषद हुकली.

आणि निकाल? तिन्ही वेळा तो बिंदू वक्रावरच आला. जुना फ्लास्क बहुधा खरंच खराब होता.

हे कळल्यावर एक मित्र हसून म्हणाला, “म्हणजे उगाच चार महिने घालवलेस!” मला तसं वाटत नाही. बिंदू काढला तेव्हा तो खराब आहे हे मला माहीत नव्हतं, मला फक्त तो नको होता. निकाल माझ्या बाजूने लागला म्हणून माझी ती कृती बरोबर ठरत नाही. ॲक्विनासचा पहिला नियम मला पुस्तकात पटला होता, पण कळला तो तेव्हा.

श्रद्धेचं म्हणाल तर तिच्यात मोठा चमत्कार काही झाला नाही. रविवारची मिस्सा आणि सोमवारची लॅब या दोन वेगळ्या खोल्या होत्या, त्यांच्यामधलं दार उघडलं एवढंच. आधी मी प्रार्थनेत पेपर लवकर येऊ दे असं मागायचे. आता आज जे झालं ते जसं झालं तसं सांगते. हे जास्त अवघड जातं, पण समोर कुणीतरी ऐकतंय असं पूर्वीपेक्षा जास्त वाटतं.

पीएचडीच्या कोर्सवर्कमध्ये ‘रिसर्च अँड पब्लिकेशन एथिक्स’ हा दोन क्रेडिटचा पेपर तुम्हाला करावाच लागेल. तो नीट करा. त्यात नियम कळतील. पण रात्री साडेनऊला लॅबमध्ये तुम्ही, ग्राफ आणि एक नकोसा बिंदू एवढेच असता, तेव्हा उपयोगी पडते ती आधीपासून लावलेली सवय. म्हणून कोणता बिंदू कशामुळे वगळणार हे प्रयोगाआधीच वहीत लिहा. वगळलात तर ग्राफखाली तसं सांगा. आणि दिवसाच्या शेवटी दहा मिनिटं, देव मानत असाल तर त्याच्यासमोर, नसाल तर स्वतःसमोर, तो दिवस एकदा खरेपणाने वाचून काढा.

ज्युनिअरला मी शेवटी सगळं सांगितलं. तिने तिचा बिंदू काढला नाही. सध्या ती तो रिपीट करतेय.