अडकलेला चक

मुळा-मुठा आणि भीमा यांच्या मधल्या राहू बेटात ऊस आणि गुऱ्हाळं यांना तोटा नाही. गुऱ्हाळाचा जीव चरकात. चरकाचा शाफ्ट झिजला, बुश खाल्ला गेला की काम थांबतं आणि तोडून ठेवलेला ऊस वाळायला लागतो. मग मालक शाफ्ट ट्रॉलीत टाकून लेथवाल्याकडे धावतो. लेथवरच्या बऱ्याच मोडतोडीचं मूळ या घाईत असतं.

शाफ्ट धरून फिरवायला तीन जॉचा चक पुरतो. बेअरिंगच्या घरासारखा वेडावाकडा ओतीव तुकडा आला तर तो काढून चार जॉचा लावावा लागतो. असं काम महिनोन्‌महिने येत नाही, म्हणून चकही तितके दिवस जागचा हलत नाही. जुन्या लेथवर तो स्पिंडलच्या आट्यांवर चढवलेला असतो. हत्यार धातू कापतं तेव्हा त्याचा दाब चकला आणखी आवळतच असतो. त्यात आट्यांत लोखंडाचा कीस अडकला, तेल सुकलं किंवा हत्यार कामात रुतून मशीन झटक्यात थांबली, की चक आणि स्पिंडल एकजीव होतात.

आता सर्रास काय करतात? बॅक गिअर टाकायचा, बुल गिअरची पिनही लावायची, म्हणजे मंद आणि थेट अशा दोन्ही जोडण्या एकदम गुंतून स्पिंडल जाम. मग चकच्या जॉवर घण. चक कधी सुटतो, कधी गिअरचे दात सुटतात. ते दात बहुतेक बिडाचे. बीड दाब सोसतं, हादरा सोसत नाही. लोक हातोड्याला दोष देतात. मला विचाराल तर दोष हातोड्याचा नाही, स्पिंडल कुठे अडवला त्याचा आहे.

शहाणा टर्नर आधी मेन स्विच बंद करतो. बेडवर लाकडाची फळी टाकतो. दहा-बारा इंची चक एकट्याने झेलायची वस्तू नव्हे आणि बेडला पडलेला खोक कायमचा. मग आट्यांच्या तोंडाशी पातळ तेल सोडतो आणि रात्रभर ते मुरू देतो. गुऱ्हाळवाल्याला हे सांगणं हाच सगळ्यात अवघड भाग.

सकाळी मागच्या बाजूला बेडवर सागाचा ठोकळा उभा करायचा आणि एक जॉ त्यावर टेकवायचा. पिन काढलेली, बॅक गिअर टाकलेला. आता पट्टा हातानेच उलटा ओढायचा. चक ठोकळ्यावर अडतो, स्पिंडल मागे फिरतो. जोर सलग, धक्का नाही. मोटरने उलटं फिरवून जॉ ठोकळ्यावर आपटणारेही आहेत. ती हिंमत बेअरिंगच्या जिवावरची.

तरीही हलेना, तर गिअरला या भांडणातून पूर्णच बाहेर काढावं. स्पिंडलच्या मागच्या भोकात फाकणारा डट्टा घट्ट बसवून त्याला लांब दांडा जोडायचा आणि दांडा टेकूला लावायचा. सगळा जोर स्पिंडल आणि चक यांच्यातच राहतो. मग जॉत षटकोनी सळई धरून तिला पान्हा लावायचा.

शेवटचा उपाय ऊब. मुरवलेलं तेल आधी नीट पुसून चकमागची बिडाची प्लेट कडेकडेने गॅसने झटपट तापवायची. स्पिंडल गार राहून प्लेट नव्वद अंशांनी जास्त तापली, तर ५० मिलिमीटरचं भोक जेमतेम ०.०५ मिलिमीटर मोठं होतं. एवढी फट पुरते. उशीर झाला तर उष्णता स्पिंडलमध्ये उतरते, दोन्ही सारखेच फुगतात आणि पुढच्या बेअरिंगलाही झळ बसते.

हे झालं आट्यांच्या जुन्या लेथचं. हरिहरच्या म्हैसूर किर्लोस्करने १९४१ पासून देशी लेथ घडवल्या. आता ती कंपनी बंद आहे, पण तिच्या लेथ अजून ठिकठिकाणी चालतात. नंतरच्या पुष्कळ लेथवर आट्यांऐवजी कॅमलॉक आला, म्हणजे चक टेपरवर बसवून कॅमने आवळायचा. तिथे खुणा जुळवून कॅम सैल करायचे आणि चकच्या कडेवर लाकडी हातोडीने आळीपाळीने टिचकावायचं. टेपरवर चिकटलेला चक असाच सुटतो. मात्र एक जरी कॅम अर्धवट राहिला, तर कितीही ठोका, चक सुटत नाही.

चक उतरला की आटे ब्रशने साफ करून तेलाचा हात फिरवायचा. काही जण चक आणि स्पिंडलच्या खांद्यामध्ये कागदाची पातळ चकती घालतात, म्हणजे पुढच्या वेळी सहज सुटतो. चरकाच्या शाफ्टला त्याने फारसं बिघडत नाही. बेअरिंगचं घर बोअर करायचं असेल, तर कागद काढून टाकावा.