सर्पगंधा, ससे आणि रसाचा थेंब

ऐका रे पोरांनो. आपल्या सह्याद्रीत सर्पगंधा नावाचं एक बुटकं झुडूप उगवतं. ज्याला झोप येत नाही, ज्याचं चित्त थाऱ्यावर नाही, त्याला वैद्य त्याची मुळी द्यायचे. १९५२ साली स्वित्झर्लंडमधल्या रसायनतज्ज्ञांनी त्या मुळीतून रेसर्पिन वेगळं काढलं. पुढे स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी ते सशांना टोचलं. ससे जागच्या जागी सुन्न! कान लोंबलेले, अंगात हालचाल नाही.

"मेले का हो आजोबा?"

छे गं चिंगे! त्यांच्या मेंदूतला डोपामाइनचा साठा रिता झाला होता. हे डोपामाइन म्हणजे मेंदूतल्या पेशींचा निरोप्या. मग कार्लसननी एल-डोपा टोचलं, ज्यापासून मेंदू डोपामाइन तयार करतो. थोड्याच वेळात कान उभे आणि ससे पुन्हा हिंडूफिरू लागले! ही गोष्ट १९५७ची. त्या कामासाठी २००० साली त्यांना नोबेल मिळालं.

आता शिकण्याची गंमत ऐका. वोल्फ्राम शुल्ट्झ नावाचे शास्त्रज्ञ माकडांच्या डोपामाइन पेशींचे ठोके टिपत होते. माकडाच्या तोंडात रसाचा थेंब पडला की पेशी खडबडून जाग्या व्हायच्या. मग ते रसाआधी दिवा लावू लागले. काही दिवसांनी पेशी दिव्यालाच उसळू लागल्या आणि रस आला तरी ढिम्म! एकदा दिवा लावला, पण रस दिलाच नाही. रस यायची वेळ झाली आणि नेमक्या त्याच क्षणी पेशींचे नेहमीचे ठोकेही थांबले. म्हणजे अपेक्षेपेक्षा जास्त मिळालं की डोपामाइन वाढतं, ठरलेलं मिळालं की जैसे थे, हुकलं की घटतं. त्या फरकावरून मेंदू पुढचा अंदाज दुरुस्त करतो.

"मग भरपूर डोपामाइन दिलं की पाढे चटकन पाठ?"

तिथेच तर मेख आहे! १९७९ साली अमेरिकेत माकडांच्या मेंदूच्या पुढच्या भागातलं डोपामाइन घटवलं, तर मघाशी खाऊ कोणत्या बाजूला होता हेच त्यांच्या ध्यानात राहीना. पण उंदरांमध्ये त्याच भागात डोपामाइनचा जोर फार वाढवला, तेव्हाही वाट चुकली. कमी झालं तरी घोटाळा आणि अति झालं तरी घोटाळा. आणि भेदरलेल्या प्राण्यात तिथलं डोपामाइन आपोआपच उसळतं.

तेव्हा चिंगे, धाकट्याचे पाढे घेताना डोळे वटारू नकोस. आणि रोज ठरलेला पेढाही देऊ नकोस. ठरलेल्या पेढ्याला या पेशी ढुंकूनही विचारत नाहीत. कधीतरी अवचित दे, मग बघ कशा टुणकन उठतात!